डीईएफची टाकी भरतच नाही: नोझल सारखं बंद पडतं, द्रव उलटून बाहेर येतो

लक्षण असं. हेवी-ड्यूटी डिझेल पिकअपच्या डॅशबोर्डवर डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी त्यात फवारलं जाणारं युरियाचं द्रावण) संपत आल्याचा इशारा दिसतो. आपण अडीच गॅलनचा डबा आणून ओतायला लागतो, आणि अर्धा डबाही जात नाही तोच द्रव फेसाळून तोंडातून बाहेर उसळतो. पंपावर गेलं तर नोझल दर दोन-तीन सेकंदांनी खटकन बंद होतं. टाकी भरली म्हणावी तर काटा निम्म्यावरही नसतो. जरा थांबून पुन्हा ओतलं की आणखी थोडं जातं. पुढच्या वेळी पुन्हा तोच खेळ.

अशा वेळी बहुतेकदा पंपही बिघडलेला नसतो आणि सेन्सरही. टाकीतली हवा बाहेर पडत नाही, म्हणून द्रवाला आत जागा मिळत नाही. तपासणी हवेपासून सुरू केली तर कारण लवकर हाती लागतं. सेन्सर बदलण्यापासून सुरू केली तर खर्च होतो आणि टाकी तशीच अडून बसते.

टाकी एकीकडे, तोंड दुसरीकडे

अमेरिकेत ईपीए या पर्यावरण संस्थेचे नायट्रोजन ऑक्साइडसंबंधीचे २०१०चे नियम आले आणि मोठ्या डिझेल इंजिनांना एससीआर ही धूर स्वच्छ करणारी यंत्रणा लावणं जवळपास अपरिहार्य झालं. धुरात युरियाचं द्रावण फवारायचं, त्यापासून अमोनिया तयार होतो, आणि तो कॅटॅलिस्टवर नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर करतो. फोर्ड सुपर ड्यूटी आणि जीएमचं ड्युरामॅक्स इंजिन यांनी २०११च्या मॉडेलपासून ही वाट धरली. रॅमच्या पिकअपनी २०१२पर्यंत वेगळ्या पद्धतीच्या कॅटॅलिस्टवर निभावलं आणि २०१३पासून त्याही डीईएफवर आल्या.

अडचण इथेच सुरू होते. या गाड्यांचा सांगाडा आधीच ठरलेला होता. त्यात आणखी एक टाकी बसवायची म्हणजे जिथे मोकळी जागा दिसली तिथे, बहुतेक वेळा केबिनखाली किंवा मालाच्या बेडखाली, फ्रेमच्या बाजूला. अशी टाकी साधारण पाच ते आठ गॅलनची, प्लॅस्टिकची, आणि उपलब्ध जागेच्या आकाराची असते: लांबट, चपटी, कुठे खाच, कुठे उंचवटा. भरण्याचं निळं झाकण मात्र माणसाच्या हाताला येईल अशा ठिकाणी हवं. फोर्ड आणि रॅमच्या पिकअपमध्ये ते डिझेलच्या तोंडाशेजारी, त्याच झडपेमागे असतं. जीएमच्या सुरुवातीच्या गाड्यांत ते बॉनेटखाली, प्रवाशाच्या बाजूला होतं. बेड नसलेल्या चॅसिस-कॅबमध्ये ते खाली फ्रेमजवळही सापडतं.

म्हणजे झाकण आणि टाकी यांच्यामध्ये एक लांब, वळणावळणाची नळी आली. काही ठिकाणी ती जवळजवळ आडवीच जाते. तिच्या जोडीला हवा परत वर आणणारी दुसरी, बारीक नळी असते. भरण्याची नळी बोटाएवढी जाड असली तरी ही हवेची नळी तिच्यापुढे अगदीच किरकोळ. चिंचोळ्या तोंडाच्या बाटलीत भसाभस पाणी ओतलं की ती गुडगुडून पाणी परत फेकते. इथे तेच होतं, फक्त बाटली चार फूट लांब असल्यामुळे दिसत नाही.

आधी ओतण्याची रीत बदलून पाहा

यात हत्यार काहीच लागत नाही, म्हणून हे पहिलं. गाडी सपाट जागी उभी करा. उतारावर चपट्या टाकीच्या एका कोपऱ्यात हवा कोंडते आणि हवेच्या नळीचं तोंड द्रवात बुडतं. मग काटा काहीही दाखवो, टाकी घ्यायचं बंद करते.

डब्याबरोबर येणारी लवचीक नळी लोक शक्य तितकी आत खुपसतात. सांडू नये हा हेतू, पण बऱ्याच गाड्यांत हवेची नळी भरण्याच्या तोंडातच, वरच्या भागात उघडते. नळी घट्ट बसली की हवेचा रस्ताच बंद. नळी इंचभर मागे घ्या, तिच्या भोवती फट राहू द्या. डबाही असा धरा की त्याचं तोंड वरच्या बाजूला राहील, म्हणजे डब्यात हवा सलग शिरेल आणि द्रव धक्क्याधक्क्याने न येता एकसंध धारेने येईल. हे धक्केच तोंडाशी द्रव साठवतात आणि मग तो बाहेर येतो.

पंपावरचं कारण वेगळं. मोठ्या ट्रकच्या लेनमधले डीईएफ पंप मोठ्या टाक्यांसाठी लावलेले असतात आणि त्यांचा वेग पिकअपच्या बारीक नळीला झेपत नाही. नोझलच्या टोकाजवळ एक छोटं छिद्र असतं. ते द्रवाने किंवा फेसाने झाकलं गेलं की नोझल टाकी भरली असं समजून बंद होतं. ट्रिगर अर्धवट दाबून धरा, अडकवून ठेवू नका, नोझल थोडं बाहेर ओढा. एवढ्याने काम झालं तर गाडीत दोष नाही, पुढचं वाचायचीही गरज नाही.

नोझलमधून थेंबही येत नसेल तर ते वेगळंच प्रकरण आहे. काही डीईएफ नोझलमध्ये चुंबकाने उघडणारा व्हॉल्व्ह असतो; ट्रकच्या टाकीच्या तोंडात चुंबकाची कडी असेल तरच तो उघडतो, म्हणजे चुकून डिझेलच्या टाकीत डीईएफ जाऊ नये. तुमच्या पिकअपच्या तोंडात ती कडी नसेल तर नोझल तोंड उघडणार नाही. दुसरा पंप शोधा किंवा डबा वापरा.

पांढरा थर

ओतण्याची रीत सुधारूनही उलटून येत असेल तर झाकण काढून टॉर्चने आत बघा. तोंडाच्या कडेला, झाकणाच्या आट्यांत, हवेच्या छिद्राभोवती पांढरी भुकटी किंवा खडे दिसतात का? डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरिया आणि उरलेलं शुद्ध केलेलं पाणी असतं. सांडलेल्या द्रवातलं पाणी उडून जातं आणि युरियाचे स्फटिक मागे राहतात. हे दुष्टचक्र आहे: हवा अडली म्हणून द्रव सांडतो, सांडलेला वाळतो, वाळलेला थर हवेची वाट आणखी अरुंद करतो, आणि पुढच्या वेळी आधीपेक्षा लवकर सांडतं. एकच गाडी दर महिन्याला थोडी थोडी जास्त त्रास देत जाते, त्याचं कारण बहुतेकदा हेच.

युरिया पाण्यात सहज विरघळतो, कोमट पाण्यात तर फारच पटकन. त्यासाठी क्लीनर, व्हिनेगर, ब्रेक क्लीनर यांपैकी काहीही लागत नाही. कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं थरावर दाबून धरा, विरघळलेलं पुसून घ्या, पुन्हा करा. नळाचं पाणी आत टाकीत जाऊ देऊ नका. त्यातले क्षार कॅटॅलिस्टला घातक असतात. तोंडाच्या आतल्या बाजूला डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं पाणी वापरा. तार खुपसून छिद्र मोकळं करायचा मोह होतो, पण काही टाक्यांच्या हवेच्या मार्गात प्लॅस्टिकचा छोटा व्हॉल्व्ह असतो आणि तारेने तो मोडतो. कॉम्प्रेसरची हवा टाकीच्या दिशेने मारणं त्याहून वाईट. खडे आत उडून गाडीतल्या डीईएफ पंपाच्या जाळीवर बसतात.

हवेचा मार्ग खरंच तुंबला आहे का, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. गाडी बराच वेळ चालवून आल्यावर लगेच डीईएफचं झाकण सैल करा. आत हवा ओढली गेल्याचा फुस्स आवाज आला तर टाकीत निर्वात तयार होतोय, म्हणजे वापरलेल्या द्रवाच्या जागी बाहेरून हवा शिरत नाहीये. अशा गाडीत पुढे डीईएफचा दाब कमी असल्याचा कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोष-क्रमांक), पी२०ई८, येऊ शकतो आणि वर्कशॉपमध्ये गाडीतल्या पंपाकडे बोट दाखवलं जातं. झाकण सैल केल्यावर तक्रार तात्पुरती गेली तर पंपावर पैसे घालू नका.

नळ्या खालून बघा

गाडीखाली जाऊन भरण्याची नळी झाकणापासून टाकीपर्यंत हाताने चाचपा. ती सगळ्या लांबीत खाली उतरत गेलेली हवी. मध्ये कुठे झोळ पडला असेल तर तिथे द्रव साचतो आणि त्यामागची हवा अडकते. हवेच्या नळीचं उलटं, ती टाकीपासून वर चढत जायला हवी. तिच्यात एक जरी खोलगट वळण असलं तरी आधीच्या वेळचा द्रव तिथे बसतो, वाळतो आणि बूच तयार होतं. दोन्ही नळ्यांना धरून ठेवणारे क्लिप प्लॅस्टिकचे असतात आणि रस्त्यावरच्या मिठाने, दगडांनी, थंडीने तुटतात. क्लिप तुटला की झोळ पडतो. कितीतरी गाड्यांचा दोष एवढाच असतो.

बेड काढून फ्लॅटबेड किंवा सर्व्हिस बॉडी बसवलेल्या पिकअपमध्ये मी सगळ्यात आधी इथेच बघायला सांगेन, स्फटिकांच्याही आधी. मूळ बेडच्या भिंतीत असलेलं तोंड नव्या बॉडीत बसवताना बॉडी बसवणाऱ्याचं सगळं लक्ष डिझेलच्या नळीवर असतं. डीईएफची नळी उरलेल्या जागेत कशीतरी वळवली जाते. ती पिळलेली असते, तोंड मूळ उंचीपेक्षा खाली आलेलं असतं किंवा हवेची नळी फ्रेम आणि बॉडीच्या मध्ये चिमटलेली असते. तोंड टाकीच्या वरच्या पातळीच्या फारसं वर नसेल तर टाकी कधीच पूर्ण भरणार नाही, कितीही हळू ओता. गाडी उंच करणारा किट बसवल्यानंतर दोष सुरू झाला असेल तरी आधी नळ्यांचीच तपासणी करा.

दोष नक्की कुठे आहे हे वेगळं काढायचं असेल तर हवेच्या नळीचं तोंडाकडचं टोक, हाताला येत असेल तर, सोडवा आणि खाली बादली ठेवून कुणालातरी सावकाश ओतायला सांगा. आता सुरळीत जात असेल तर अडथळा तोंडाच्या बाजूला. अजूनही उलटत असेल आणि सोडवलेल्या टोकातून हवेचा झोत येत नसेल, तर अडथळा नळीत किंवा टाकीच्या माथ्यावर. हवा येतेय आणि तरीही उलटतंय, तर मुख्य नळी पिळलेली आहे.

फक्त थंडीत होत असेल तर

डीईएफ उणे ११ अंश सेल्सिअसला गोठतं आणि गोठताना सुमारे सात टक्के फुगतं. टाकीत हीटर असतो, पण तो पंपाच्या आणि द्रव ओढून घेण्याच्या जागेभोवती. भरण्याच्या नळीला बहुतेक गाड्यांत तो नसतो. टाकी रात्री गळ्यापर्यंत भरून गाडी उघड्यावर ठेवली की नळीत उरलेल्या द्रवाचं बूच होतं. मग गाडी नीट चालते, डीईएफ खर्च होतं, काटा खाली येतो, आणि भरायला गेलं तर एक कपही जात नाही. उकळतं पाणी ओतू नका, गोठू नये म्हणून काही मिसळूही नका. मिसळलेलं काहीही कॅटॅलिस्टपर्यंत जातं. गाडी उबदार जागी काही तास उभी करा, एवढंच. वितळल्यावर डीईएफ पूर्वीसारखंच चांगलं असतं. थंडीच्या दिवसांत टाकी काठोकाठ भरू नका, थोडी रिकामी ठेवा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती थंडीतच अंगाशी येते. इंजिन बंद केल्यावर गाडीखालून थोडा वेळ गुणगुण ऐकू येते. पंप नळ्यांतला द्रव टाकीत परत ओढून घेत असतो, म्हणजे नळ्या गोठून फुटणार नाहीत. त्याच वेळी बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला तर ते काम अर्धवट राहतं. काही मिनिटं थांबून मग स्विच बंद करा.

टाकी भरली, पण इशारा जात नाही

याची गल्लत पहिल्या तक्रारीशी सर्रास होते. टाकी खरोखर भरलेली असते आणि काटा जुनंच सांगत असतो. आतला सेन्सर बऱ्याच गाड्यांत ध्वनिलहरींवर चालतो. ताज्या ओतलेल्या द्रवात बुडबुडे असले की त्याचं मोजमाप बिघडतं. शिवाय काही गाड्या थोडं डीईएफ टाकलं तर दखलच घेत नाहीत. भरताना इग्निशन बंद ठेवा, भरल्यावर किल्ली सुरू करून थोडं थांबा, मग गाडी चालवा. एक पूर्ण फेरी मारून गाडी थंड झाल्यावर पुन्हा सुरू केली तरी काटा हलला नाही, तर स्कॅनर लावा.

पातळी कमी असल्याचा पी२०३एफ हा कोड टाकी भरलेली असतानाही दिसत असेल तर सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. पी२०७एफ म्हणजे द्रवाच्या दर्जाबद्दल तक्रार. पी२०ईई म्हणजे कॅटॅलिस्ट पुरेसं काम करत नाही. त्याला जुनं डीईएफ, धुरात द्रव फवारणाऱ्या नोझलवर जमलेला थर, एनओएक्स (नायट्रोजन ऑक्साइड) सेन्सर, खुद्द कॅटॅलिस्ट, यातलं काहीही कारणीभूत असू शकतं. या दोन्हींत पहिला खर्च रिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे द्रावणातलं युरियाचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाचा करा. टाकीतला थेंब घेऊन बघा: ३१.८ ते ३३.२ टक्क्यांच्या मध्ये आकडा हवा. त्याबाहेर असेल तर टाकी रिकामी करून नवीन द्रव भरल्याशिवाय कुठलाही भाग बदलू नका.

डीईएफ टिकतं, पण उन्हात नाही. २५ अंशांच्या आत ठेवलेला बंद डबा साधारण दीड वर्ष चांगला राहतो; ३५ अंशांत तेच आयुष्य सहा महिन्यांवर येतं. पिकअपच्या बेडवर उन्हाळाभर पडून असलेल्या अर्ध्या डब्यावर माझा अजिबात विश्वास नाही. कमी वापर असलेल्या गाडीत मोठा साठा करण्यापेक्षा छोटा डबा ताजा आणलेला बरा. डब्यावर आयएसओ २२२४१चा उल्लेख आणि तारीख बघा. लोखंडी किंवा पितळी नरसाळं, डिझेलची जुनी बरणी हे वापरू नका.

इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी आधी सूचना देते, मग वेग मर्यादित करते, आणि शेवटी काही मॉडेल जागेवर नुसती सुरू राहण्यापलीकडे काही करत नाहीत. ऑगस्ट २०२५मध्ये ईपीएने या बाबतीत कंपन्यांना मार्गदर्शन दिलं: जुन्या गाड्यांत सॉफ्टवेअर बदलून ही मंदगती लांबणीवर टाकता येईल, आणि २०२७च्या मॉडेलपासून नव्या डिझेल ट्रकमध्ये डीईएफ संपल्यावर अचानक ताकद जाऊ नये. तुमच्या गाडीसाठी तसं अपडेट आलंय का, हे विक्रेत्याकडे विचारा. यंत्रणाच निकामी करणारी किंवा सेन्सरला खोटं सांगणारी उपकरणं मात्र अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहेत, आणि भरत नसलेल्या टाकीचा तो उपायही नाही.

चुकीच्या टाकीत गेलं तर

दोन तोंडं एकाच झडपेमागे असली की हे होतंच. डीईएफच्या टाकीत डिझेल गेलं किंवा डिझेलच्या टाकीत डीईएफ गेलं, तर किल्ली फिरवू नका. इंजिन सुरू करायचं नाही हे बहुतेकांना माहीत असतं. पण नुसतं इग्निशन सुरू केलं तरी पंप द्रव ओढू शकतो, हे लक्षात येत नाही. गाडी उचलून न्या. डीईएफच्या यंत्रणेतली रबरी सील डिझेलने फुगतात, आणि डिझेलच्या बाजूला गेलेलं डीईएफ उच्च दाबाचा पंप आणि इंजेक्टर खराब करतं. एक-दोन चमचेच गेलं असेल, हा हिशेब इथे चालत नाही.

वर्कशॉपला गाडी द्यायची वेळ आली तर

नुसतं टाकी भरत नाही एवढं सांगितलंत तर सेन्सर आणि हीटर असलेल्या अख्ख्या युनिटचं कोटेशन हातात पडण्याची शक्यता मोठी. त्याऐवजी लिहून न्या: काटा कुठे असताना किती गॅलन गेलं आणि कुठे उलटलं, सपाट जागा होती की उतार, बाहेरचं तापमान किती होतं, झाकण सैल केल्यावर आवाज आला का, बॉडी किंवा उंचीत कधी बदल केलाय का. आणि स्पष्ट सांगा की आधी हवेची नळी टाकीच्या माथ्यापर्यंत मोकळी असल्याची खात्री करा, ती नळी हातात घेऊन दाखवा, मगच बाकीच्या भागांबद्दल बोलू.